नेम, बांध आणि जोण : गोमंतकीय गांवकरीचा कारभार

श्रींच्या देवालयाचा इतिहास, उत्सवांची परंपरा आणि जीर्णोद्धाराची हकीकत या अंकात अधिकारी लेखक सांगतीलच. संपादक मंडळाने मला पाचारण केले ते दप्तरांत आयुष्य घालविलेला माणूस म्हणून. तेव्हा दप्तरांतलाच एक विषय घेऊन महाजन बंधुभगिनींच्या सेवेस हजर होत आहे. लिसेवांत शिकलेल्या पोर्तुगीज भाषेचा पोटासाठी जो उपयोग झाला तो झालाच. पण जुने फोराल, कोदिगो आणि गांवच्या सभांचे आक्ते वाचता आले, हा तिचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. कारकुनाला वाचनाची आवड असली तर जुने दप्तर त्याला कधी कंटाळा येऊ देत नाही.

महाजन आणि गांवकर हे दोन शब्द आपण एका श्वासांत उच्चारतो. आपल्या बहुतेक कुळांची देवालयाच्या काताल्गांत जशी नोंद आहे, तशी मूळ गांवच्या गांवकरींतही आहे किंवा एके काळी होती. देवालय बांधले ते गांवकरांनी, देवाला नामसाच्या जमिनी लावून दिल्या त्या गांवकरीने, आणि संकट आले तेव्हा देव पालखींत घालून नदीपार नेला तोही गांवकरांनीच. तेव्हा महाजनकीचे मूळ शोधू गेल्यास गांवकरीच्या दारांतूनच जावे लागते. प्रश्न असा की, ही गांवकरी म्हणजे नेमके काय होते? तिथे निर्णय कोण घेई, कसा घेई आणि कोणाला विचारून घेई?

आपल्या भूमीचा स्वभाव लक्षांत घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. मांडवी आणि जुवारी यांच्या खाड्या आंतपर्यंत शिरलेल्या. भरतीचे खारे पाणी दिवसांतून दोनदा चढते आणि उतरते. या पाण्याला मातीचे व चिऱ्याचे बांध घालून मागची जमीन भातशेतीखाली आणणे, हा येथील मनुष्याचा फार जुना उद्योग होय. या जमिनीला आपण खाजन म्हणतो. हा शब्द कालचा नाही. अंत्रुज महालांत बांदिवडे येथे मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा जो ताम्रपट सापडला, त्यांत 'खज्जण' हा शब्द आलेला असून समुद्राला बांध घालून जमीन लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. नागेशीच्या व महालक्ष्मीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, त्याच बांदिवड्याच्या तांब्याच्या पत्र्यावर आपल्या शेतांचे नांव इतक्या जुन्या काळी कोरलेले आहे!

बांध एकट्याचा नसतो. माझ्या शेताशेजारचा बांध मी कितीही मजबूत राखला आणि चार शेते पलीकडे एक भगदाड पडले, तर माझेही पीक गेले. खाजनाला मानस लागते. म्हणजे भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटी लागताच आतले पाणी बाहेर सोडणारी लाकडी दारे. मानस कोणी राखावे, दारे केव्हा बदलावीत, आंतल्या पोंयीतील मासळीचा मक्ता कोणाला द्यावा, त्या मक्त्याचा पैसा कशाला लावावा, हे प्रश्न एका घरांत बसून सुटण्यासारखे नाहीत. पावसाळ्यांत भात आणि ते कापल्यावर मासळी. भातवाल्याला खारे पाणी नको आणि मासळीवाल्याला ते हवे. या दोघांना एका बैठकीवर आणल्याखेरीज खाजन टिकत नाही. आमच्या गांवकरीचा जन्म तत्त्वज्ञानांतून झाला नसून या चिखलांतून झाला, असे माझे मत आहे. पंडितांनी हवे तर ते खोडून काढावे.

पोर्तुगीजांनी 1510 साली तिसवाडी घेतली, तेव्हा त्यांना गांवोगांव ही व्यवस्था चालू असलेली आढळली. ती मोडून वसूल गोळा करणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून राजाचा वेदोर द फाझेंद, म्हणजे वसुली खात्याचा मुख्य अधिकारी, आफोंस मेशिया याने जुने रीतिरिवाज विचारून घेतले आणि 1526 साली त्यांची सनद सिद्ध झाली. तिलाच आपण मेशियाचा फोराल म्हणतो. राजाचा वसूल बुडू नये हाच तिचा मुख्य हेतू. पण त्या निमित्ताने आपल्या पूर्वजांचा कारभार कागदावर उतरला. परक्याने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेली गोष्ट पुढे आपल्याच उपयोगी पडते, याची अशी उदाहरणे गोमंतकाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत.

फोरालाच्या आरंभीच एक कथा आहे. फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ती भूमी लागवडीस आणली, वस्ती वाढली, आणि ज्यांनी हा कारभार उत्तम रीतीने सांभाळला त्यांना गांवकर हे नांव मिळाले. ती अक्षरशः खरी की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. पण गांवकरांचा आपल्या गांवावरचा हक्क तलवारीने किंवा राजाच्या देणगीने आलेला नसून जमीन घडविण्याच्या श्रमांतून आला, अशी त्या वेळच्या लोकांची स्वतःविषयीची समजूत होती, एवढे या कथेवरून निश्चित दिसते.

प्रत्येक गांवांत मूळ कुळांचे गट असत. त्यांना वांगड म्हणत. गांवच्या बैठकीत वांगडाचा आवाज मोजला जाई. बैठक देवळाच्या चौकांत किंवा मांडावर भरे. बैठकींत जे ठरे त्याला 'नेम' म्हणत. पोर्तुगीज कागदांत तोच शब्द 'नेमो' होऊन बसला आहे. नेम करताना गांवचा कुलकर्णी हजर हवा आणि त्याने तो लिहून काढावयास हवा. यांतील मुख्य गोष्ट अशी की, नेम बहुमताने होत नसे. सर्वांचे एकमत झाले तरच नेम. एकाने जरी 'नाका' म्हटले तरी विषय तिथेच थांबे.

आजच्या वाचकाला हे अव्यवहार्य वाटेल. मलाही तरुणपणी तसेच वाटे. कोणी एक हेकट मनुष्य साऱ्या गांवाला अडवून धरील, मग कामे व्हायची कशी? परंतु जुने आक्ते वाचता वाचता या पद्धतीचे मर्म थोडेफार ध्यानांत येऊ लागले. ज्या बांधाच्या दुरुस्तीला सर्वांनी खांद्यावर माती वाहायची आहे, त्याच्या निर्णयांत ज्याचे मन नाही तो मातीही वाहणार नाही. बहुमताने त्याला हरविता येते. त्याच्याकडून माती वाहून घेता येत नाही. म्हणून त्याची समजूत घालीपर्यंत बैठक लांबवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवावी, वडीलधाऱ्यांना मध्ये घालावे, तरीही न जमल्यास देवापुढे प्रसाद लावून पाकळीचा कौल घ्यावा, हीच रीत. आपल्या देवळांतून अजूनही एखाद्या अवघड प्रश्नाच्या वेळी कौल लावला जातो, त्यामागे ही जुनी नड आहे. माणसांच्या वादांत कोणालाही कमीपणा न येता माघार घेण्याची ती वाट होती.

मानपान हा विषय महाजनांपुढे काढावा की काढू नये, असा मला जरा संकोच होतो. पण फोरालच तो काढतो. विडा पहिला कोणाला, पासोडी पहिली कोणाच्या खांद्यावर, कलावंतांनी पहिले नाचावे कोणाच्या दारांत, पावसाळ्यापूर्वी घरावर नव्या झावळ्या पहिल्या कोणी घालाव्यात, पहिले कणीस कोणी कापावे, या सर्वांची तेथे तपशीलवार नोंद आहे. तिसवाडींत पहिल्या कापणीचा मान ताळगांवच्या गांवकरांचा. आणि ताळगांवचे कणसाचे फेस्त आजही ऑगस्ट महिन्यांत साजरे होते. धर्म बदलला, भाषा बदलली, राज्ये आली आणि गेली. मान तेवढा जागचा हलला नाही! उत्सवांत पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून कोर्टांत गेलेली प्रकरणे आपल्याला माहीत आहेत. ती वाचून हसू येण्यापूर्वी हे ध्यानांत घ्यावे की, ज्या समाजांत निर्णय एकमताने व्हायचे तेथे प्रत्येक कुळाची जागा ठरलेली असणे हे बैठक शांतपणे चालण्याचे साधन होते. साधनाचेच साध्य झाले, हा पुढच्यांचा दोष.

एका गांवाच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न मोठ्या सभेत जात. तिसवाडी म्हणजे तीस गांव. त्यांतील आठ प्रमुख गांवांचे गांवकर मिळून बेटाची मोठी सभा होई. सासष्टी आणि बारदेश हे महाल 1543 साली पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेले, तेथेही अशाच मोठ्या सभा होत्या. पोर्तुगीज त्यांना कामर जेराल म्हणू लागले. वसुलाची वाटणी, एखादा गांव बुडाला तर त्याचे काय करावे, दोन गांवांच्या शिवेचा तंटा, असे विषय तिथे येत. वसूल गांवाने मिळून द्यावयाचा. कोणाचे पीक गेले तरी गांवाची जबाबदारी सुटत नसे.

जमिनीची व्यवस्था अशी असे. गांवची शेते गांवकरीच्या मालकीची. ती ठरावीक मुदतीने, बहुधा तीन वर्षांनी, पावणी करून, म्हणजे जाहीर लिलावाने, लागवडीस दिली जात. येणाऱ्या उत्पन्नांतून राजाचा फोर, देवळाचा खर्च, बांधदुरुस्ती, जोशी, गुरव, सुतार, लोहार, न्हावी, महार इत्यादिकांची नामसे, हे सारे भागवून जे उरे ते गांवकरांत वाटले जाई. त्या वाटणीला जोण म्हणतात. कोणी किती वर्षांचा झाला म्हणजे जोणास पात्र, याचा नियम गांवागांवांत वेगळा. लहानपणी वडिलांबरोबर जोण आणावयास गेल्याचे मला आठवते. रक्कम इतकी किरकोळ असे की येण्याजाण्याच्या श्रमांतच तिचा हिशेब पुरा व्हावा. पण त्या दिवशी वडील कोट घालीत. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाबा, हे पैसे न्हू, हे आमचे नांव."

आता ज्या प्रकरणाशिवाय हा विषय पुरा होणे नाही तिकडे वळतो. 1540 साली तिसवाडींतील देवळे पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी, 1541 साली, बेटांतील गांवकरांना बोलावून देवळांच्या जमिनींविषयी सभा भरविण्यांत आली. देवळेच राहिली नाहीत तेव्हा त्यांच्या नामसांचे उत्पन्न दरसाल 2,000 पांढरे टांगे चर्चच्या खर्चासाठी लावून द्यावे, असा प्रस्ताव होता, आणि कागदोपत्री गांवकरांनी तो आपखुशीने मान्य केला. तो कागद मी छापील स्वरूपांत प्रथम वाचला तेव्हा फार वेळ पुढचे पान उलटवले नाही. सभेची रीत सगळी पाळलेली आहे. बोलावणे आहे, विचारणा आहे, संमती आहे, सह्या आहेत. एकमताची आमची जुनी पद्धत, जिच्यांत एकाचा 'नाका' साऱ्या सभेला थांबवू शके, ती जशीच्या तशी वापरली गेली. फक्त त्या दिवशी 'नाका' म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. लोकांना विचारून निर्णय घेतला, असे लिहिलेल्या प्रत्येक कागदाकडे मी तेव्हापासून थोड्या संशयाने पाहतो. चाळीस वर्षांच्या कारकुनींत तो संशय कमी होण्याचे कारण मला सापडले नाही.

पुढची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फर्माने निघाली. ज्या गांवी ख्रिस्ती गांवकरांची संख्या अधिक तेथे हिंदू गांवकरांनी सभेत बसू नये, आणि इतरत्र नेमांत ख्रिस्ती गांवकरांची नांवे आधी लिहावीत. सासष्टींतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळांत आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. खाडीच्या पलीकडे अंत्रुज महालांत तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. तो भाग त्यांच्याकडे 1763 साली आला. देव नेणारे गांवकर आपली शेते मागे ठेवून आले. नव्या जागी त्यांच्यापाशी देव होता, आपापसांतली कुळे होती, सभेची रीत होती. पण जमीन नव्हती, बांध नव्हता, आणि ज्याच्याशी मिळून बांध राखायचा तो शेजारी नव्हता. महाजनकी म्हणजे जमिनीवाचूनची गांवकरी, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

कुंकळ्ळीने दुसरा मार्ग धरला. 15 जुलै 1583 रोजी तेथील गांवकरांनी पाच जेझुइत पाद्र्यांना ठार केले; त्यांत अकबराच्या दरबारांत राहून आलेला रुदोल्फ आक्वाव्हीव्ह हाही होता. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने गांवच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावले आणि तेथे त्यांची कत्तल झाली. गांवाची शिक्षा एवढ्यावर थांबली नाही. कुंकळ्ळी व आसपासच्या गांवांची जमीन गांवकरांकडून काढून इनाम दिली गेली आणि पुढे ती जेझुइतांकडे गेली. शांतादुर्गा फातर्प्यास गेली, ती आजही वर्षांतून एकदा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गांवी येते. बारा वांगडांची बारा छत्रे, गुलाल उधळीत. त्या मिरवणुकीत मी एकदा चाललो आहे. सभेचा हक्क गेलेल्या गांवाने आपली वांगडे छत्र्यांच्या रूपाने मोजून ठेवली, असे मला त्या दिवशी वाटले.

जुन्या काबिजादींत राहिलेल्या गांवकऱ्यांचे पुढे काय झाले, ते थोडक्यांत सांगतो, कारण तो भाग कायद्याच्या कलमांचा असून स्मरणिकेच्या वाचकाला रुचणारा नाही. सरकारचा हात हळूहळू आंत शिरला. 1735 चे रेजिमेंत आले, मग एकोणिसाव्या शतकांत एकामागून एक नियम. जोणाच्या हक्कांबरोबर भाग विकत घेतलेले भागधारक आले. 1904 साली सर्व नियम एकत्र करून कोदिगो झाला, आणि पोर्तुगीज राज्याचे शेवटचे वर्ष उजाडले असताना, 15 एप्रिल 1961 रोजी, दिप्लोम लेजिस्लातीव्ह क्रमांक 2070 अन्वये नवा कोदिगो निघाला. तोच आजही, फेरफार होऊन, चालू आहे. एकमत गेले, बहुमत आले. तीन वर्षांसाठी निवडलेले प्रेझिदेंत, प्रोकुरादोर आणि तेझोरेर आले. त्यांच्यावर सरकारी आदमिनिस्त्रादोर आला. आपल्या देवालयांसाठी 1933 सालचे मझनियांचे रेग्युलामेंत आहे, त्याचीही घडण अशीच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार, आणि वर मामलेदार. दोन्ही कायदे समोरासमोर ठेवून वाचले म्हणजे ही दोन भावंडे एका शिंप्याने शिवलेल्या कपड्यांत उभी आहेत असे दिसते.

या स्थित्यंतराविरुद्ध आवाज उठविणारे होते. फिलीप नेरी शाव्हियेर यांनी 1852 साली गांवकरींचा इतिहास लिहून जुने हक्क नोंदवून ठेवले. पोर्तुगालहून आलेले सरकारचे सेक्रेटरी कुन्य रिव्हार यांनी 1870 साली गांवकरींच्या बाजूने 'ब्रादुश' या नांवाचे पुस्तकच प्रसिद्ध केले. सरकारच्या नोकरानेच सरकारने गांवांवर चालविलेल्या अतिक्रमणाविरुद्ध हाक घातली, हे मला विशेष वाटते. आमच्या काळांत रुई गोमिश परैर यांनी गांवकरीवर आणि हिंदू देवळांवर लिहिलेले ग्रंथ तर प्रत्येक महाजनाच्या घरी असावेत.

मात्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे लिखाण वाचल्यावर मनाला जो टोचा बसतो, तोही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. कोसंबी गोमंतकाच्याच मातीतले. जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. गांवकरीकडे त्यांनी भाविकतेने पाहिले नाही. सभेत कोण बसे? मूळ वांगडांतले पुरुष. शेतांत चिखल तुडविणारा बहुतेक ठिकाणी दुसराच असे. बांध कोसळला तर रात्री धावणारा, मानसापाशी पहारा करणारा, मासळी धरणारा, यांना बैठकीच्या कडेलाही जागा नसे. बायकांना तर नव्हतीच. कांहीं कोमुनिदादींत विधवेला जोणाचा अंश मिळे, पण मत नाही. सर्वांच्या एकमताने नेम होई असे मी वर लिहिले, त्यांतील 'सर्व' या शब्दाची व्याप्ती एवढी. ज्यांना विचारलेच नाही त्यांचे 'नाका' कोणत्याही आक्त्यांत सापडत नाही. आपण महाजन मंडळी हे वाचून जरा अस्वस्थ झालो तर ते बरेच आहे.

मुक्तीनंतर 1962 साली ग्रामपंचायतींचा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी पहिल्या निवडणुका झाल्या. गांवांत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले. तेव्हापासून एका गांवांत दोन सभा झाल्या. एकीपाशी जमीन होती पण गांवांत राहणाऱ्या अनेकांना तिथे प्रवेश नव्हता, दुसरीत सर्वांना प्रवेश होता पण जमीन नव्हती. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते. जो चिखलांत उभा होता त्याला अखेर नांव मिळाले. परंतु शेते वाटली गेली तरी बांध वाटता येत नाही. त्यासाठी 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर सामायिक जबाबदारी टाकली. कांहीं गांवांत त्या संघटना उत्तम चालल्या. इतरत्र मासळीच्या मक्त्याचा मोह बांधाच्या मायेपेक्षा बळकट ठरला. मानस अवेळी उघडे ठेवून खारे पाणी आंत घेतले गेले, भात बंद पडले, आणि तिवरे शेतांत शिरली. गोव्यांत सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. तिच्यातील किती तुकडे पडीक आहेत, हे बसच्या खिडकीतून पाहणाऱ्यालाही कळते.

एका गांवचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. नांव सांगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बाहेरच्या बांधाला हातभर भगदाड पडले. जुन्या काळी दवंडी पिटून तिसऱ्या दिवशी ते बुजले असते. येथे कोमुनिदादीने लिहिले की जमीन आता कुळांची. कुळांच्या संघटनेने लिहिले की निधी नाही, पंचायतीने पाहावे. पंचायतीने लिहिले की बांध हा विषय खात्याचा. खात्याने अंदाजपत्रक मागविले. हे सर्व कागद एका कचेरीत ज्याच्या टेबलावरून गेले तो कारकून मीच. प्रत्येक कागद नियमाला धरून होता, मी त्यांच्यावर आवक जावकचे शिक्केही नीट मारले. मंजुरी आली तेव्हा भगदाड बैलगाडी जाईल एवढे झाले होते, आणि त्या वर्षी आतल्या शेतांत कोरगुटही पिकला नाही.

तरी सभेची ओढ आपल्या लोकांतून गेली आहे असे मी म्हणणार नाही. 2006 साली प्रादेशिक आराखडा 2011 जाहीर झाला आणि गांवोगांवच्या डोंगरउतारांवर नि शेतांवर वस्तीचे रंग चढलेले नकाशे लोकांनी पाहिले, तेव्हा ग्रामसभांतून बसायला जागा उरली नाही. ज्या गृहस्थांना कधी कोमुनिदादीच्या सभेची नोटीसही वाचवली नव्हती ते सर्व्हे नंबर तोंडपाठ म्हणू लागले. 2007 च्या जानेवारींत सरकारने तो आराखडा मागे घेतला. त्यानंतरच्या 2021 च्या आराखड्यासाठी नकाशे गांवांत पाठवून सूचना मागविण्याची पद्धत ठेवली गेली. विख्यात वास्तुशास्त्रज्ञ चार्लस कुरैय त्या कृतिदलांत होते. एका ग्रामसभेत मी मागे बसून ऐकत होतो. एक म्हातारी कोळीण उठली आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाली की हा निळा पट्टा तुम्ही काढला आहे तिथे पाणी जात नाही, ते इथून जाते. तरुण अभियंत्याने पेन्सिल घेऊन रेघ बदलली. 1526 च्या कोणत्याही बैठकींत त्या बाईला बोलता आले नसते. तो आराखडा पुढे 2012 साली स्थगित झाला, ती वेगळी कथा.

आता आपल्याकडे पाहू. गोव्यांत सुमारे सव्वादोनशे कोमुनिदादी आहेत. त्यांतील कित्येकांच्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात. गांवकर मुंबईस, पुण्यास किंवा परदेशांत आहेत, आणि आफोरामेंताने घराच्या जागा द्यावयाच्या ठरावांवर सह्या करणारे मोजकेच राहिले आहेत. महाजनांच्या आमसभांची उपस्थिती याहून फार वेगळी नाही. उत्सवाला हजारांनी येणारे आपण, हिशेब वाचला जाताना प्रसादाच्या पंक्तीकडे निघालेलो असतो. गेल्या आमसभेत तळ्याच्या पायऱ्यांची दुरुस्ती आणि शेजारच्या वाड्यावरील लोकांची पाण्याची वाट हा विषय निघाला. वाड्यावरच्या मंडळींना निदान बोलावून विचारावे, अशी सूचना एका तरुण महाजनाने केली. ते महाजन नाहीत, सभेत कसे बसतील, असा आक्षेप आला. सूचना इतिवृत्तांत नोंदवून घ्यावी आणि निर्णय पुढील सभेवर ठेवावा, असे ठरले. इतिवृत्त लिहिण्याचे काम जुन्या सवयीने माझ्याकडे आले होते. मी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. पुढील सभा उत्सवानंतरच्या पहिल्या रविवारी आहे.